दोन समुद्र घेऊन चाकणला

अर्ध्या-अर्ध्या दोन बरण्या दिसल्या की मला चैन पडत नाही. एकीत दुसरी ओतून जागा मोकळी करते. तीन वर्षांपूर्वी मी असाच अरबी समुद्र बंगालच्या उपसागरात ओतला. वर बरणी हलवून सारखीही केली. तेव्हा मी सदुसष्टची होते. त्या वयात बायकांना फार उत्साह असतो.

बरण्या माझ्या नातीच्या, सायलीच्या. दोन्हींत समुद्रतळाचा धुऊन वाळवलेला गाळ होता, रव्यासारखा. दिवाळीनंतर कॉलेजची प्रयोगशाळा बंद आणि प्रबंध तर सुट्टी संपताच द्यायचा, म्हणून चाकणला माझ्या नणंदेच्या मुलाच्या, ज्ञानूच्या कंपनीतलं सूक्ष्मदर्शक वापरायचं ठरलं होतं. निघायच्या सकाळी रिकामी बरणी पाहून ती रडली नाही, नुसती ओट्याखाली बसून राहिली. मी म्हटलं, चल, मीही येते, निवडून देते. आयुष्यभर तांदूळच निवडलेत.

निगडीहून भोसरी, तिथून चाकणची बस. बरणी माझ्या मांडीवर. मोशीपर्यंत सायलीने मला माझा गुन्हा समजावला. त्या रव्यातला कण न् कण म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या जीवांचं कवच (ती त्यांना ‘फोराम’ म्हणते). त्यांना पोहता येत नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं, मेल्यावर तळाशी बसायचं. अरबी समुद्रात पावसाळी वारा वरचं पाणी लोटतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि गारव्याची हौस असलेले तिथे गर्दी करतात. उपसागरात नद्यांचं गोडं पाणी वर झाकणासारखं बसतं, म्हणून तिकडची वस्ती वेगळी. कुठे कोण किती, यावरून जुने प्रवाह ओळखायचे. मला पटलं. मी तरी जुन्नरहून निगडीला कुठे पोहत आले होते?

पुढच्या बाईने वळून विचारलं, हे गुडघ्यांवर चालतं का. मी हो म्हणून टाकलं. सायलीने बरणी माझ्याकडून काढून घेतली.

कंपनीच्या गेटवर वॉचमनला पेच पडला. माणसांची वही वेगळी, मालाची वेगळी. मेलेले जीव कुठे लिहायचे? शेवटी त्याने मालाच्या वहीत ‘समुद्र, नग दोन, बरणी एक, परत नेणार’ असं लिहून माझी सही घेतली. मग नऊवारीवर हेल्मेट आणि पुढे लोखंड असलेले बूट चढवून मी आत गेले. ज्ञानूने गिअरच्या चिरा तपासायच्या टेबलाशी मला बसवलं आणि एवढंच म्हणाला, “बसा मामी, पण शिंकू नका.”

ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण उचलायचा. काचेतून पाहिलं तर लाह्या, मोदक, लाडू, सगळा फराळच. गारव्यातले कसे दिसतात ते सायलीने दाखवलं. ते मी भराभर डावीकडे काढले. क्वालिटीतले चार इंजिनिअर गिअर सोडून समुद्र बघायला रांगेत उभे राहिले. चारच्या चहापर्यंत मात्र कळून चुकलं, की उरलेल्यांतले बरेचसे दोन्ही समुद्रांत राहणारे. कपाळावर पत्ता कुणाच्याच नाही.

मी हळूच सुचवलं, ढीग निम्मा-निम्मा करू, कोण विचारतंय?

सायलीने कुंचला खाली ठेवला. “आजी, मग ते उत्तर समुद्राचं नसेल, तुझं असेल.”

तिने तिथूनच तिच्या मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. विचार करून कळवते म्हणून त्यांनी फोन ठेवला. ज्ञानू माझे बूट सोडवत म्हणाला, “आमच्यात लॉट मिक्स झाला तर सगळाच भंगारात जातो, मामी. हितं कुणाला घालायचं, मालाला का तुमाला?”

परतताना बस मोशीच्या चौकात तासभर अडकली. सायली फोन हातात घेऊन बसलेली. मी खिडकीतून कंटेनर मोजत होते आणि मनात येत होतं, जागा मोकळी करायच्या नादात आजवर मी काय काय एकत्र केलं असेल आणि घरचे गप्प बसले असतील. कुणी खरं बोलून दाखवायला पोरगी एकविसाची व्हावी लागली.

तेवढ्यात फोन आला. मॅडमनी तिला आणखी एक महिना दिला. मग त्यांनी मला फोनवर मागितलं.

“आजी, दोन्हीकडचा निम्मा गाळ आम्ही इथे कुलपात ठेवतो. घरोघरी तुम्ही असता, म्हणूनच ठेवतो.”