दुहेरी काचेची खिडकी

शेजारच्या वहिनींच्या नव्या बंगल्यात मी तक्रार घेऊन गेले होते. त्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र आमच्या बाजूच्या भिंतीवर बसवलंय. ते सुरू झालं की आमचं पत्र्याचं घर थरथरतं, फळीवरची ताटं वाजत राहतात. आईचा दुपारी डोळा लागत नाही.

"आवाज? आम्हाला तर काहीच येत नाही गं," वहिनी म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. जाड भिंती, खिडकीला दुहेरी काच. आत इतकं शांत की मला त्या शांततेचीच चीड आली. आवाज काही विरून जात नाही. तो दुसऱ्याच्या घरात ढकलून दिला की आपल्याकडे शांत वाटतं, एवढंच. आणि ज्याची भिंत पत्र्याची, त्याच्याच घरात तो शिरणार.

तेवढ्यात काचेपलीकडे आई दिसली. हातात वाटी घेऊन कुंपणाशी उभी. विरजण हवं असलं की ती अजून तिथूनच वहिनींना हाक मारते, त्यांचं जुनं कौलारू घर होतं तेव्हासारखी. मानेच्या शिरा ताणलेल्या, तोंड हलतंय, आणि आत काही म्हणजे काही पोचत नव्हतं.

"आई गाणं म्हणतायत वाटतं," वहिनी कौतुकाने म्हणाल्या.

मी उठले आणि खिडकी सताड उघडली. यंत्राची घरघर भसकन आत आली.

"अगं, बंद कर आधी! केवढा हा आवाज!"

"तुमचाच आहे, वहिनी," मी म्हणाले. "आईचा तर अजूनही ऐकू येत नाहीये."