अमोनियाची बाटली
सून केसांच्या रंगाची बाटली उघडते, अमोनियाचा वास घरभर होतो आणि वडशाची ती शाळा आठवून माझं डोकं आजही तापतं. स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. नागपूरहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी विज्ञान शिक्षिकेच्या मुलाखतीला गेले होते. शेजारच्या धानगिरणीचा कोंडा खिडकीतून आत उडत होता आणि समोर त्याच गिरणीचे मालक शाळेचे अध्यक्ष म्हणून बसले होते. दुसरा उमेदवार एकच, तोही बी.एस्सी.ला नापास झालेला. अध्यक्षांनी कपाटातून चिठ्ठी गळून पडलेली एक बाटली काढली. "सांगा, काय आहे यात?" त्या गृहस्थानं बूच काढून थेट नाक लावलं आणि खोकत, डोळे चोळत खिडकी गाठली. मी बाटली लांब धरली, हातानं हवा ओढून जेमतेम वास घेतला आणि म्हटलं, "अमोनिया." प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे! अध्यक्ष खूश झाले. "बरोबर सांगतलं बाई तुमी. पण सायन्स हे भाऊ शिकवतीन. तुमी पोरीयले शिवणकाम शिकवा." "मंग मी नागपूरले काय शिवण शिकाले गेली होती?" मी ओरडले. भाऊंच्या डोळ्यांतून अजून धारा लागल्या होत्या, तरी नोकरी त्यांचीच. मी उघडी बाटली तशीच टेबलावर ठेवून निघाले. आता केस पिकले, राग काही पिकला नाही. वाटतं, बाटली अध्यक्षांच्या अगदी नाकाखाली ठेवायला हवी होती.