ट्रेमावशींची तिसरी परीक्षा

वरच्या मजल्यावर सर्जन हात पुढे करतात आणि हवं ते अवजार नेमकं हातात येतं. ते तसं यावं म्हणून तळमजल्यावर कोणीतरी दिवसभर उभं असतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. या इस्पितळात एकोणीस वर्षं तिथे ट्रेमावशी उभ्या होत्या. वापरलेल्या कात्र्या, चिमटे, वाट्या धुवायच्या, ट्रेमध्ये मांडायच्या, दुहेरी कापडात गुंडाळायच्या आणि वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायच्या, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत त्यांच्या ट्रेमधून एक चिमटासुद्धा कमी गेला नव्हता. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कोणाला आठवत नसे.

मग एक दिवस फर्मान आलं. या विभागात राहायचं असेल तर तंत्रज्ञाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करा आणि परीक्षा पास व्हा. संधी तीन, पास व्हायला साठ गुण. नाही जमलं तर चादरींच्या कोठारात बदली. पगार तोच राहणार होता, त्यामुळे बाकी कोणी फारशी हळहळ केली नाही. मावशींचं मात्र तसं नव्हतं. चादरी मोजण्यात कमीपणा नाही हे त्यांनाही कळत होतं, पण ज्या टेबलाशी उभं राहून केस पिकले ते टेबल आपल्याला नालायक ठरवून काढून घेणार, हे त्यांना सोसवेना.

अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच एक प्रश्नावली होती. तुम्ही कसे शिकता? पाहून, ऐकून, वाचून की करून? मावशींनी जिथे तिथे ‘पाहून’वर बोट ठेवलं. काम कसं शिकलात असं कोणी विचारलं की त्या कायम ‘बघून बघून शिकले’ असंच सांगत आल्या होत्या. त्यांच्या जुन्या सिस्टरनी सुरुवातीला एकच ट्रे चाळीस वेळा उपसून पुन्हा मांडायला लावला होता, हे मात्र त्या साफ विसरल्या होत्या. संगणकाने त्यांना पाहून शिकणाऱ्यांच्या रांगेत बसवलं आणि त्रेपन्न व्हिडिओ हाती दिले.

मावशींनी डोळ्यांत तेल घालून ते पाहिले. एकदा, दोनदा, चारदा. पडद्यावर हसतमुख मुलगी अवजारं मांडायची, मावशी मान डोलवायच्या, आणि व्हिडिओ संपला की डोकं कोरं. पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या खेपेला एक्केचाळीस गुण मिळाले, दुसऱ्या खेपेला चव्वेचाळीस. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं, की आपल्या डोक्याला गंज चढलाय, आता कोठारच बरं.

सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना ‘आता कसं दिसतंय’ विचारून विचारून तिला एक सवय लागली होती. माणूस काय सांगतो त्यापेक्षा तो काय करतो याकडे ती लक्ष द्यायची. रविवारी दुपारी ती टिपणं घेऊन सासूबाईंना प्रश्न विचारायला बसली. खुर्चीत बसलेल्या मावशींना एकही उत्तर येईना. शेवटी त्या वैतागून उठल्या आणि धुतलेली भांडी पुसायला लागल्या. सुनेने आपलं विचारणं सोडलं नाही. यंत्रात वाटी कशी ठेवायची? मावशींनी हातातलं पातेलं कलतं धरलं आणि म्हणाल्या, कलती, म्हणजे पाणी साचत नाही. कात्री बंद की उघडी? उघडी, नाहीतर सांध्यात वाफ शिरत नाही. ओळीने सात उत्तरं बरोबर आली.

सून टिपणं खाली ठेवून म्हणाली, “आई, जरा खुर्चीत बसा आणि हात मांडीखाली घ्या.”

मावशी बसल्या. तेच प्रश्न, आणि घोडं पुन्हा पेंड खायला लागलं. हात सोडायला सांगितल्यावर पुन्हा उत्तरं सुरू.

“तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही,” सून म्हणाली. “तुमचं अर्धं डोकं हातात आहे.”

त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा विभाग झाला. झारे, सांडश्या, चमचे आणि कपड्यांचे चिमटे ही अवजारं, टेबलपुसणं हे गुंडाळायचं कापड. फोन पालथा ठेवायचा, दोन मिनिटं धडा ऐकायचा, थांबवायचा, करायचा, मगच पुढे. यंत्राच्या तापमानाचे आकडे काही केल्या लक्षात राहीनात, तेव्हा मावशींनी बरणीचं झाकण जुन्या यंत्राच्या खटक्यासारखं फिरवून पाहिलं. एकशे एकवीस कुठे आणि एकशे चौतीस कुठे, हे मनगटाला पक्कं माहीत होतं. सगळंच काही इतकं सोपं गेलं नाही. जंतूंची नावं कुठल्याच झाऱ्याला दाद देईनात, ती कापडाच्या घड्या घालत शंभरदा पुटपुटावी लागली. मुलगा जेवायला बसायचा तेव्हा त्याला चमचा मागून घ्यावा लागायचा.

तिसरी परीक्षा घरूनच होती. खोलीत दुसरं कोणी नको असा नियम असल्यामुळे सून दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून दूर कुठूनतरी एक पर्यवेक्षक बाई लक्ष ठेवून होत्या. मावशींनी लाजेकाजेस्तव हात टेबलाखाली ठेवले आणि तिथेच गुपचूप घड्या घालत उत्तरं देऊ लागल्या. आठ प्रश्न झाले आणि आवाज आला.

“मॅडम, तुमचे हात मला दिसत नाहीत. पुन्हा असं झालं तर परीक्षा बंद करावी लागेल.”

मावशींनी हात वर घेतले आणि टेबलावर गप्प ठेवले. नववा प्रश्न वाचला. काही सुचेना. पुन्हा वाचला. आयुष्यात त्यांनी वरिष्ठांना उलटून काही विचारलं नव्हतं, सांगितलं की मान खाली घालायची एवढंच माहीत. कोठार त्यांना समोर दिसायला लागलं. मग त्यांनी मान वर केली.

“ताई, मी कॉपी करत नाही. माझे हात थांबले की माझं आठवणं थांबतं. तुमच्या डोळ्यांसमोर, टेबलावरच हलवले तर चालेल का?”

पलीकडे नियमांची पानं चाळल्याचा आवाज आला. मग पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, “हात दिसले पाहिजेत एवढाच नियम आहे. दिसू देत.”

मग मावशींनी लाज गुंडाळून ठेवली. रिकाम्या टेबलावर त्यांनी नसलेलं कापड पसरलं, जड अवजारं खाली घेतली, कात्र्या उघडल्या, खटका फिरवला, कोपरे दुमडले. प्रत्येक प्रश्नाला हात आधी चालायचे आणि बोट मागाहून उत्तरावर पडायचं. तिसांपैकी सव्विसावा प्रश्न अख्ख्या ट्रेच्या मांडणीचा होता. तो त्यांनी पहिल्या अवजारापासून शेवटच्या घडीपर्यंत सावकाश मांडला.

शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर आकडा आला. शहाऐंशी. उत्तीर्ण. मावशी त्याकडे पाहत राहिल्या. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता आणि तो लपवायचं त्यांना काही कारण नव्हतं.

पर्यवेक्षक बाईंनी खरं तर एव्हाना जोडणी बंद करायला हवी होती. पण त्या थांबल्या. “एक सांगू का? सव्विसाव्या प्रश्नाला तुम्ही जे मांडत होतात, ते मी मोजत होते. एकवीस अवजारं झाली.”

ट्रेमावशी खुर्चीत ताठ बसल्या.

“बावीस,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या कात्रीपलीकडे सुई धरायचा चिमटा ठेवला, तो तुमच्या नजरेतून सुटला. तुमचं चालतं, ताई. माझं नाही चालत.”