ज्याचा त्याने रिपोर्ट द्यायचा नाही

लष्कराच्या सिग्नल्समध्ये चोवीस वर्षं रेडिओ ऑपरेटर होतो. हवालदार म्हणून पेन्शनवर कोल्हापुरात आलो. इथलं माझं पोस्टिंग मीच ठरवलं. बारा माजी सैनिक, सगळे सत्तरीच्या पुढचे, बहुतेक एकटे राहणारे. चार शहरातले, दोघे पेठ वडगावचे, बाकीचे बिद्रीच्या बाजूचे. वहीत नाव, पत्ता, आजार, औषधं, मुलांचे नंबर. रोज सकाळी ०६३० ला पहिला फोन, ०७०० ला शेवटचा. मी विचारायचं, "रिपोर्ट?" पलीकडून उत्तर यायचं, "सब ठीक." मी टिक करायचो. वर्षभर एकही रकाना रिकामा राहिला नाही. मला त्याचा अभिमान होता.

वडगावचे सुभेदार खोत, वय शहात्तर, पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. ते फोन नेहमी दुसऱ्या रिंगला उचलायचे. एका मंगळवारी आठव्या रिंगला उचलला. वेळ ०६४०.

"रिपोर्ट, साब?"

"सब ठीक."

मी टिक केली. पुढचा फोन त्यांच्या समोरच्या घरातल्या नायक चौगुल्यांना.

"माझं ठीक हाय," चौगुले म्हणाले. "पर सुभेदारसाबांची दुधाची पिशवी अजून दाराला लटकतीया."

"आत्ताच बोललो त्यांच्याशी. ठीक म्हणाले."

"ते काय, मेल्यावरबी ठीकच म्हणतील की!"

"जाऊन बघा. फोन चालू ठेवा."

चौगुल्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला. मग दार वाजवल्याचा.

"आतनं कडी हाय."

"मागचं दार?"

"बघतो." दोन मिनिटं नुसती खडखड. मग धापा टाकत, "साब पडल्यात. मोरीत. डावा पाय वाकडा झालाय. अंग गार लागतंय."

मागून सुभेदारांचा आवाज आला, बारीक पण हुकमी. "चौगुले, बोंबलू नको. सब ठीक है."

"साबांना हलवू नका," मी म्हणालो. "घोंगडं टाका. शुद्धीवर आहेत तोवर चमच्यानं साखरेचं पाणी द्या, त्यांना शुगर आहे, उपाशीपोटी उतरली असणार. बोलतं ठेवा."

"बोलतं कशाला ठेवायचं? शिव्या घालाय लागल्यात मला."

"चांगलं आहे. घालू द्या."

दुसऱ्या फोनवरून ०६५१ ला ॲम्ब्युलन्स बोलावली. ती ०७१४ ला पोचली. मी मोटरसायकलवरून थेट दवाखान्यात गेलो. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि साखर फार खाली गेली होती. ते पहाटे पाच वाजता पडले होते. फोन सदऱ्याच्या खिशात होता, तो पडल्यापडल्याच उचलला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी तास-दोन तास गेले असते तर हातचे गेले असते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "साब, खोटा रिपोर्ट का दिलात?"

"हवालदार, तू काय विचारलंस? रिपोर्ट. सुभेदारानं रिपोर्टला दुसरं काय उत्तर द्यायचं? तीस वर्षं एकच उत्तर दिलंय."

चूक त्यांची नव्हती. विचारायची पद्धत माझी होती. उंचावरच्या बर्फातल्या पोस्टवर आमचा नियम होता, स्वतःच्या पायांचा रिपोर्ट स्वतः द्यायचा नाही. रोज मोजे काढायचे, थंडीने बोटं बधिर झालीत का ते जोडीदाराने दाबून बघायचं आणि त्यानेच सांगायचं. जवान स्वतः ठीकच म्हणणार, हे लष्कराला माहीत होतं. गावी आल्यावर मी विसरलो.

त्याच आठवड्यात वही बदलली. बाराजणांच्या सहा जोड्या. सकाळी जोडीदाराला डोळ्यांनी बघून यायचं आणि त्याच्याबद्दल मला सांगायचं. "ठीक" हा शब्द चालणार नाही. काय खाल्लं, कसा चालला, काय लपवतोय, एवढं हवं. लांबच्या दोन जोड्या व्हिडिओ कॉलवर बघतात.

कुरकुर झाली. चौगुले म्हणाले, "नायकानं सुभेदाराचा रिपोर्ट द्यायचा व्हय? कोर्ट मार्शल करतील मला." आता सर्वांत लांबलचक रिपोर्ट त्यांचाच असतो. सुभेदार वॉकरवर चालू लागल्यावर त्यांनीही पहिला रिपोर्ट दिला. "नायक चौगुले. उजवा गुडघा सुजलाय, सांगत न्हाई. तंबाखू सोडली म्हणतो, सोडलेली न्हाई." चौगुल्यांचा गुडघा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवला. काम चालतं.

दर सोमवारी दहा वाजता, ज्यांना जमेल ते सुभेदारांच्या अंगणात बसतात. एका सोमवारी त्यांनी मला विचारलं, "बारा माणसं, सहा जोड्या. तुझा जोडीदार कोण, हवालदार?"

मी सांगितलं. महादेव. माझ्याच बॅचचा ऑपरेटर, कागल तालुक्यातला. पोस्टवर त्याची बोटं मी बघायचो, माझी तो. मग त्याला वरच्या पोस्टवर पाठवलं, मी खालीच राहिलो. चौथ्या दिवशी ०९०० च्या रेडिओ चेकला मी विचारलं, तो म्हणाला, "ओके, ओव्हर." मी लॉगबुकमध्ये ओके लिहिलं. दुपारी उंचीमुळे छातीत पाणी झालं म्हणून तिथले जवान त्याला खाली आणायला निघाले. ढगांमुळे हेलिकॉप्टर आलं नाही. १६४० ला वाटेतच गेला.

चौगुल्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. सुभेदार म्हणाले, "त्याचा रिपोर्ट दे."

"लान्स नायक महादेव," मी म्हणालो. "वय सव्वीस. बोलताना दोनदा खोकला. मी ऐकला होता."