न सांडणारं सरबत

शारदा गेल्याचा निरोप घेऊन गाडीवान नेकनूरला आला तेव्हा मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. "बीडच्या वहिनीसाहेब गेल्या," एवढंच तो म्हणाला आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांना पाणी येतं. मलाही आलं, पण नंतर. आधी मनात आलं ते असं की, हिनं इथंही माझ्यावर बाजी मारली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, नवऱ्याच्या आणि लेकाच्या खांद्यावरून... माझ्या वाट्याला यातलं काही येणार नव्हतं, हे मला सोळाव्या वर्षीच कळून चुकलेलं होतं. शारदा माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची बायको. आज तिला जाऊन पाच आठवडे झाले. चांगलं तेवढंच लिहावं, अशी रीत आहे. तिच्याबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. पण तिच्या चांगुलपणाचा मला जन्मभर हेवा वाटला, हे लपवलं तर या लेखात खरं असं काही उरणार नाही.

कपाळ पांढरं करून मी माहेरी परत आले तेव्हा आईनं रडून झाल्यावर स्वयंपाकघराच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. त्यातून मला एवढं कळलं, की जगात कुठं नसली तरी या चुलीपुढं माझी जागा आहे. आठ वर्षं ती जागा मी जपली. आबा म्हणायचे, "आक्काच्या हातची आमटी म्हंजे आमटी." आबा म्हणजे आमचे वडील. त्यांनीच मला घरी बसवून अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहिता येतंय. मग दत्तूचं लग्न झालं आणि मोमिनाबादेहून शारदा आली. तिचे वडील तिथल्या पलटणीच्या छावणीत किराणा पुरवायचे. तिथल्या कुणा साहेबाच्या खानसाम्याकडून ती एक अजब पदार्थ शिकून आली होती.

येऊन महिना झाला नसेल. विहिरीवरच्या कवठाची फळं उतरवली होती. शारदेनं त्यातली अर्धकच्ची निवडली, फोडून गर काढला, पाण्यात उकळला आणि मलमलीच्या फडक्यात बांधून टांगून ठेवला. मी पिळायला गेले तर म्हणाली, "पिळू नका वन्सं, आपसूक गळू द्या. पिळलं की गढूळ होतंय." गळलेल्या रसात साखर घालून तिनं तो चुलीवर आटवला. तपकिरी रस बघता बघता माणकासारखा लाल झाला. बशीत एकच थेंब टाकला, तो पसरला नाही तसं तिनं पातेलं उतरवलं आणि रस काचेच्या पेल्यांत ओतून ठेवला. संध्याकाळी वर चमचाभर पाणी आणि पुदिन्याचं एक एक पान टाकून पेले बाहेर नेले. कुणीही म्हणावं, डाळिंबाचं सरबत आहे. वरचं पाणी हलायचं, त्यामुळे संशयही यायचा नाही. आबांनी पेला तोंडाला लावला, कलता केला, आणखी कलता केला. पाण्याचे दोन थेंब मिशीवर आले, सरबत काही येईना! "आरं, हे उतरत कावून न्हाई?" म्हणून त्यांनी पेल्याच्या बुडावर थाप मारली. मग शारदेनं आतून चमचे पाठवले; रस पेल्यात वडीसारखा थिजला होता. आबांना इतकं हसताना मी माझ्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. आई तर पदर तोंडाला लावून म्हणाली, "पोरीनं लई गंमत केली बघ."

त्या दिवशी आमटीला कुणी चांगलं म्हटलं नाही.

पुढं हे रोजचंच झालं. कुणी पाहुणा आला की आई म्हणायची, "शारदे, ते तुझं सरबत कर गं." गावात बायका मला अडवून विचारायच्या, "तुमच्या भावजयीला लई येतंय म्हणे?" शारदेला मात्र याचा तोरा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. तोरा असता तर तिला नावं तरी ठेवता आली असती. "वन्सं, तुमाला दाखवू का? सोपं हाय," असं ती दहादा म्हणाली असेल. मी म्हणायची, "मला नकोत गं छावणीतले नखरे." दुपारी सगळे निजले की मात्र मी चोरून करून पाहायची. एकदा ते गुळाच्या भेलीसारखं कडक झालं, एकदा नुसता काढा झाला. दोन्ही वेळा म्हशीच्या आंबोणात ओतलं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तहसीलदारसाहेबांचा दौरा नेकनूरला आला. दत्तू तेव्हा बीडच्या कचेरीत साधा कारकून होता आणि त्याच्या वरची पेशकाराची जागा रिकामी झाली होती. साहेबांनी कचेरीतच कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि हसत दत्तूला म्हणाले होते, "वो तुम्हारा न बहनेवाला शरबत हमें भी दिखाओ." घरात लगीनघाई उडाली. शारदेनं सकाळपासून रस आटवला. पातेलं उतरवलं तोच आईनं हाक मारली, लुगडं बदलून घे म्हणून. जाता जाता ती मला म्हणाली, "वन्सं, तेवढं पेल्यात वतता का? मी आलेच."

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. घागर हाताशीच होती. मी तांब्याभर पाणी पातेल्यात ओतलं, ढवळलं आणि पेले भरले. हात कापला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तो कापला नाही. दत्तूच्या नोकरीचा विचार मनात आला आणि तोही मी बाजूला सारला. एकदाच, फक्त एकदाच, सगळ्यांसमोर तिचं चुकलेलं मला पाहायचं होतं.

साहेब सांगितल्यापेक्षा लवकर आले. वरचं पाणी घालायलाही शारदेला सवड मिळाली नाही. दत्तूनं गारव्यासाठी पेल्यांना गुंडाळलेली ओली फडकी काढली आणि तबक तसंच बाहेर नेलं. आम्ही बायका दाराच्या पडद्याआड उभ्या होतो. सोबतच्या मुन्शीला चमत्कार दाखवायचा म्हणून साहेबांनी पेला हातात उंच धरला, "देखो मियाँ" म्हणाले आणि एकदम उपडा केला... सगळं सरबत त्यांच्या पांढऱ्या शेरवानीवर.

ओट्यावर आबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी शारदेकडे पाहिलं. ती पांढरी पडली होती. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं, आणि मग पडद्याआडून मोठ्यानं म्हणाली, "मामंजी, साहेबांना सांगा, सरबत म्हणून आमी रोज वडी देतो. साहेबांना ते ठाऊक होतं, मग त्यांना फसवायचं कसं? म्हणून आज वडी म्हणून सरबत दिलं."

दत्तूनं चाचरत ते उर्दूत सांगितलं. साहेबांनी भिजलेल्या शेरवानीकडे पाहिलं, रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि असे हसले की मुन्शीही हसायला लागला. "हमीं को फँसाया! वाह!" म्हणत त्यांनी दुसरा पेला मागवला आणि घटाघट पिऊन टाकला. फाल्गुनात दत्तू पेशकार झाला.

म्हणजे मी पाणी घातलं आणि तिचं नाव आणखी मोठं झालं. ती गोष्ट बीडपर्यंत गेली. पण मला डाचत राहिलं ते निराळंच. हिला कळलं आहे, हिनं मला झाकलं आहे आणि आता ही मोठ्या मनानं गप्प बसली आहे, असं मी धरून चालले. माझा गुन्हासुद्धा तिनं आपल्या चांगुलपणात जमा करून घेतला होता! महिन्याभरात दोघांचं बिऱ्हाड बीडला हललं. स्वयंपाकघर पुन्हा माझ्या एकटीचं झालं. पुढं आबा गेले, आई गेली. चूल सगळी माझी होती आणि जेवायला मी एकटी.

शेवटची भेट मार्गशीर्षात झाली. तिचं दुखणं हटत नव्हतं, म्हणून मी बीडला गेले होते. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, अगदी वाळून गेली होती. दत्तू वैद्याकडे गेला होता. मी तीस वर्षं अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर काढलं. "शारदे, त्या दिवशी पातेल्यात पाणी मी घातलं होतं."

ती उशीवरून थोडी पुढं झाली. "पाणी?"

"तुला ठाऊक न्हवतं?"

"न्हाई हो, वन्सं... मी तर आजवर समजत आले, माझाच पाक कच्चा राहिला."

"मग मला वाचवलंस कशाला?"

"तुमाला कुठं? मी मलाच वाचवत होते. लई भ्याले होते." तिला धाप लागली. मी पाणी दिलं. मग ती हळूच म्हणाली, "त्या दिसापासून दर टायमाला हात कापायचा बघा. वाटायचं, लोक उगं म्हणतात, आपल्याला हे येतच न्हाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "बरी झाले की एकदा न भिता करते." ती बरी झाली नाही.

तेराव्यानंतर मी बीडलाच राहिले. गेल्या आठवड्यात नातवंडांनी आजीच्या सरबताचा हट्ट धरला आणि शारदेची सून कवठं घेऊन बसली. मला न शिकवता हिला शिकवलं, म्हणून पुन्हा हेवा वाटलाच. म्हातारपणीही ही खोड जात नाही. शिकायला नको म्हणणारी मीच होते, हे आठवायला थोडा वेळ लागला. सून म्हणाली, "बसा आत्याबाई, दाखवते." मी पाट ओढला आणि बसले.

रस लाल झाला तशी तिनं कोनाड्यातून एक पांढरी चिनी मातीची बशी काढली आणि तिच्यात एक थेंब टाकला. थेंब मोत्यासारखा जागच्या जागी उभा राहिला. तिनं दुसरा टाकला, मग तिसरा. बशी कलती करून निरखून पाहिली आणि चौथ्यासाठी पळी उचलली.

"इतके कावून गं?" मी विचारलं.

"काय की. सासूबाई अशाच टाकायच्या. चार-चार, पाच-पाच. आमी हसायचो त्यांना."

मी तिचा हात धरला.

"उतरव," मी म्हटलं. "तिचा पहिलाच बरोबर असायचा."