मरळीची जोडी

आमच्या पाझर तलावाचा तळ आश्रुबाच्या पायांना पाठ होता. पोहता येत नसे, तरी तीस वर्षं हा माणूस छातीभर पाण्यात गळ घेऊन हिंडला. दिवाळीनंतर बायको सुभद्राबाईसह ऊसतोडीला आणि पावसाळ्यात मरळ माशांमागं, असं त्याचं वर्ष.

मरळ व्याली की पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका वळवळतो आणि खाली नर-मादी राखण करतात. त्या दोन-तीन आठवड्यांत घोळक्याजवळ गळाला लावलेली बेडकी नाचवली की मरळ गळावर तुटून पडते. "भुकंनं न्हाई, रागानं धरती," आश्रुबा सांगायचा. पण जोडीतली एकच काढायचा. कुणी चिडवलं की म्हणे, "पोरांपाशी एक ऱ्हाऊ द्यावं, बे."

गेल्या वर्षी ऊस संपल्यावर तो वीटभट्टीवर गेला आणि तळं भरल्यावरच परतला. उन्हाळ्यात इथं काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं. परवानगी फक्त गाळ काढायची होती. मी रात्री मशीन लावून खालचा मुरूमही उपसला, माझ्या शेतरस्त्यासाठी. काठच्या बाभळीसमोर दोन पुरुष खोल खड्डा पडला. मग पाणी आलं आणि माझं पाप झाकलं गेलं.

तो आला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण "कुणी खांदला?" हे तो विचारणारच, आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. आठ दिवस मी जीभ आवरली. तो कडेनंच गळ टाकतो, अशी स्वतःची समजूत घातली.

नवव्या दिवशी सकाळी मी बांधावर होतो. घोळका बाभळीकडं सरकत होता आणि त्याच्यामागं कमरेभर पाण्यात आश्रुबा. मी हात हलवत ओरडलो.

"आश्रुबा, माघारी फिर!"

"कावून ओ, सुंदरराव? वरडू नगा, मरळ बुजतीय."

"खड्डा हाय तिथं!"

"हितं कुठला खड्डा? मला तळं शिकवता व्हय?" तो हसला आणि त्यानं पुढचा पाय टाकला.

टोपी तेवढी वर राहिली. माझ्या आरडाओरड्यानं माणसं धावली, पण त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. गळाची दोरी मनगटाला गुंडाळलेली, दुसऱ्या टोकाला मरळ जिवंत. सुभद्राबाईनं ती स्वतःच्या हातानं सोडवली आणि पाण्यात सोडली.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकट्या बाईला टोळीत कोण घेतो? दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा जोडी पुरी करायला दिपाली, तिची दहावीतली पोरगी, दप्तर घरी ठेवून आईशेजारी चढली. मला राहवेना. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी ट्रकपाशी गेलो.

मला बघून सुभद्राबाईच बोलली, "सुंदरराव, तुमी हुता तिथं. तळ तर त्यांच्या पायाला पाठ हुता. मग आसं कसं झालं?"

"मरळीनं ओढलं, बाई," मी म्हणालो.