आवाज भरणारा रेडिओ

सौंसरच्या वाचनालयात मी पुस्तकं द्यायला बसायची, पण लोकं मला पुस्तकापेक्षा रेडिओचंच जास्त विचारत. मासिकांतल्या जाहिराती वाचून वाचून पाठ झाल्या होत्या. कोणता रेडिओ सेल जास्त खातो, कोणता पडला तरी वाजतो, सगळं बसल्या जागी सांगायची. "बाईले सगळं समजते," असं कोणी म्हटलं की मी हवेतच असायची.

अशात कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारा एक माणूस आला. त्याच्या बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं. त्यानंतर तिचा आवाज कायमचा जाणार होता, आणि तो आवाज त्याला जपून ठेवायचा होता. हे मला महिन्याभरानं कळलं. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "बाई, आवाज भरते असा रेडिओ कोणता घेऊ?"

कॅसेट भरतात, हे काय मला माहीत नव्हतं? पांढुर्ण्याच्या दुकानातून मीच गाणी भरून आणायची. पण त्यानं रेडिओ म्हटलं, अन् मला वाटलं, याला घरभर आवाज पाहिजे. काऊन पाहिजे, हे मी शहाणीनं विचारलंच नाही. "मोठ्या स्पीकरचा घ्या, अंगणापर्यंत भरते," म्हटलं आणि कागदावर लिहूनसुद्धा दिलं.

महिन्यानं तो माणूस मी सांगितलेला रेडिओ फडक्यात बांधून घेऊन आला.

"बाई, रोज तिले याच्यासमोर बसवून बोलवलं. लेकराईचे नावं घेतले तिनं, ओव्या म्हटल्या. पण याच्यातून तिचा आवाज काही निघून नाही राहिला. कोणतं बटन दाबू?"

मी हसली. अगं माय, मी खरंच हसली! मग त्यानं ऑपरेशनचं सांगितलं. परवा निघायचं होतं.

त्याच दुपारी बसनं पांढुर्ण्याला गेली, भावाचा टेप रेकॉर्डर उचलला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी पोचली. ती चटईवर बसली होती. गेल्या आठ दिवसांत तिचा आवाज पार बसला होता. मी कॅसेट लावली, बटन दाबलं, टेप तिच्या तोंडाजवळ धरला. तिचे ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या. मला तिच्याकडे पाहवेना.

कॅसेट मागं घेऊन लावली. नुसती खरखर, आणि त्यात तिच्या नवऱ्याचाच आवाज, "बोल नं व. बोल नं."

मला स्वतःचाच असा राग आला की काय सांगू. "थांबा, हे पुसून पुन्हा भरू," मी म्हटलं.

त्यानं कॅसेटवर हात ठेवला.

"पुसू नका, बाई. याच्यात ती आयकून राहिली."